ईटच्या घरांतली विचारपूस

निजामाच्या राज्यात माझे यजमान सरकारी हिशेब तपासायचे. महायुद्धाच्या वर्षांत ईट गावाला गरिबांसाठी आलेली जवारी वाटलीच जात न्हाय, अशी तक्रार गेली आणि त्यांना तिकडं धाडलं. तिथल्या कोठारावर माझा थोरला भाऊच कारकून होता. "दुसऱ्या कुणाला पाठवा," असं यांनी वर कळवलं. उत्तर आलं, तुम्हीच जा.

कागदावर सगळं चोख होतं. प्रत्येक नावापुढं अंगठा उठलेला. गावातले पुरुष यांच्यापुढं तोंड उघडेनात, बायका तर दाराआडच. शेवटी हे मला म्हणाले, "तू आत जाऊन विचारशील? त्या सांगतील तेवढंच मला सांग. पदरचं काही घालू नको."

मी घरोघर गेले. एका घरी बाई पोरांना नुसतीच अंबाडीची भाजी वाढत होती. जवारी मिळाली का, विचारलं.

"संक्रांतीपास्नं दाणा न्हाय बघा."

"पण तुमच्या मालकांचा अंगठा आहे."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "त्ये जाऊन दोन पावसाळं झालं की."

परतताना भाऊ वाटेत उभा होता. माझं लग्न त्यानंच जमवलं होतं. तो हळू म्हणाला, "त्या घरचं बोलू नको. ह्यात मी एकटा न्हाय. वरच्या साहेबांना त्यांचा वाटा पोचवला न्हाय तर मला कामावर ठेवतील का?"

"आणि त्या पोरांनी काय खायचं, दादा?"

तरी घरी येऊन मी यांना सगळं सांगितलं, भावाचं बोलणंसुद्धा. यांनी ते साहेबांच्या नावासकट लिहून पाठवलं.

भावाला धाराशिवच्या तुरुंगात टाकलं. साहेबांची नुसती बदली झाली. साहेबांना शिक्षा का न्हाय, असं यांनी पुन्हा पुन्हा लिहून विचारलं, पण वरून उत्तर आलं न्हाय. ईटला जवारी वाटायला लागले, एवढं मात्र खरं.

आईनं मला माहेरी बोलावणं बंद केलं. ती वारल्याचा निरोप मला मिळाला, तोवर क्रियाकर्म सगळं उरकलं होतं.