ओवाळणीत जिवाणू

मागच्या भाऊबीजेला अकोल्यात, पाटावर बसून, कपाळाचं कुंकू ओलं असताना, मी माझ्या मोठ्या बहिणीला ओवाळणी म्हणून माझी विष्ठा देऊ केली.

शब्दही हाच वापरला. अमरावतीच्या एका कोचिंग क्लासात पंचवीस वर्षं मी डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो आहे. त्यामुळे असले शब्द मला फराळाच्या ताटावरही जड जात नाहीत. बाईच्या हातातलं ताट मात्र माझ्या उजव्या कानापाशी थांबलं. बाई म्हणजे माझी बहीण. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, आणि मला न्हाऊ-माखू घातलेलं असल्यामुळे माझा मुलाहिजा न ठेवणारी. निरांजनाची ज्योत आणि माझा कान यांच्यात चार बोटांचं अंतर उरलं होतं. समोर खुर्चीवर भाऊजी चिवडा खात होते, त्यांचा घास गालातच राहिला.

"काय देतो म्हनते हा?" भाऊजींनी बाईला विचारलं.

"तुमी चिवडा खा," बाई म्हणाली. "अन् तू हालू नको बे. पयले ओवाळू दे, मंग तुह्याकडे पाहतो."

तिने ओवाळणं पूर्ण केलं, अक्षता टाकल्या, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "हं. आता सांग, काऊन येडा झाला?"

तिला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो.

बाईला मूत्रपिंडाचा कर्करोग. एक मूत्रपिंड काढून टाकलं, वर्षभर सगळं बरं चाललं, मग तपासणीत फुप्फुसात तीन ठिपके दिसले. त्यावर तिला जे औषध सुरू झालं ते केस घालवणारं नव्हतं. आपल्या शरीराचे पहारेकरी असतात, त्यांना हा रोग गुंगी आणून झोपवतो; हे औषध त्यांना हलवून जागं करतं. दर तीन आठवड्यांनी अमरावतीच्या एका इस्पितळात सलाईनमधून देत. बाई आणि भाऊजी आदल्या दिवशी अकोल्याहून माझ्याकडे मुक्कामाला येत.

तिसऱ्या सलाईनच्या वेळी डॉक्टर सहज बोलून गेले की, पोटातल्या जिवाणूंचा या औषधाच्या गुणाशी काहीतरी संबंध दिसतो आहे, पण नीट उलगडलेला नाही. भाज्या, डाळी, धान्यं बेताने पण तऱ्हेतऱ्हेची खा. जिवाणूंच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका. आणि पातळ शौचाला झालं तर त्याच दिवशी फोन करा. झालं, एवढंच. पण शिकवणाऱ्या माणसाला चार वाक्यं दिली की तो त्यांचे चार धडे करतो. आणि शेवटचा धडा परीक्षेला नाही म्हणून सोडून देतो.

मी वाचत सुटलो. आपल्याला न पचणारा कोंडा हे जिवाणू खातात, त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात, पहारेकऱ्यांना आपला कोण आणि परका कोण हे शिकवतात. मधुमेह म्हणा, लठ्ठपणा म्हणा, आतड्याचे आजार म्हणा, जिकडे तिकडे यांचं नाव. पंचवीस वर्षं मी हा भाग पोरांना अर्ध्या पानात उरकत आलो होतो, याची लाज वाटली. मग एके ठिकाणी वाचलं की काही देशांत, प्रयोग म्हणून, निवडक माणसांची विष्ठा कसून तपासून, गाळून, रुग्णाच्या आतड्यात सोडून पाहतात. कोणाकोणाला औषध मग लागू पडतं. यातलं "प्रयोग म्हणून", "निवडक" आणि "कसून तपासून" हे मी वाचलं नाही असं नाही. डोळ्यांनी वाचलं, डोक्याने घेतलं नाही. डोक्याने घेतलं ते इतकंच, की बाईला चांगली विष्ठा हवी. आणि सख्ख्या भावाशिवाय ती देणार कोण?

मी दोन आघाड्या उघडल्या.

पहिली बाईच्या पोटात. गव्हाची पोळी बंद, न चाळलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी सुरू. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मटकीची उसळ, मोडाचे मूग, पेरू. ही यादी मी स्वतः अकोल्याला जाऊन तिच्या फ्रिजवर चिकटवली आणि रोज सकाळी फोनवर तोंडी परीक्षा घेऊ लागलो.

"बाई, काल किती प्रकारच्या वनस्पती खाल्ल्या?"

"दहा झाल्या पाह्य. फोडनीत जिरं टाकलं, थे धरतं काय?"

"धर."

"मंग अकरा."

दुसरी आघाडी माझ्या पोटात. दाता व्हायचं तर माल उत्तम पाहिजे. मी रोज सकाळची कचोरी सोडली. ठेलेवाल्याने दोन दिवस वाट पाहून घरी माणूस पाठवला, सर बरे आहेत ना म्हणून. मग मीही भाकरी, अंबाडी आणि मटकी यांवर तुटून पडलो. माझ्या पोटातले कोंडा खाणारे जिवाणू बिचारे वर्षानुवर्षं उपाशी. त्यांना एकाएकी पंगत वाढल्यावर त्यांनी जो आनंद व्यक्त केला तो आमच्या घरात कोणाला आवडला नाही.

"बाईले द्याचं हाये म्हनता ना," बायको खिडक्या उघडत म्हणाली, "मंग आमाले काऊन वाटून राहिले?"

क्लासात तर त्याहून वाईट झालं. फळ्याकडे तोंड करून मी पेशीची आकृती काढत होतो. शंभर पोरं बसलेली. एरवी ज्या वर्गाला गप्प करायला मला डस्टर आपटावं लागतं, तो वर्ग माझ्या पोटातून आलेल्या एका आवाजाने गप्प झाला. खडू तसाच धरून मी उभा. पहिल्या बाकावरची मुलगी अतिशय आदराने म्हणाली, "सर, उद्यापासून ऑनलाइन घेता काय?"

हे सगळं सोसून मी भाऊबीजेला माझी ओवाळणी घेऊन गेलो होतो. म्हणजे, बरोबर नेली नव्हती. वचन नेलं होतं. बाईने सगळं ऐकून घेतलं. भाऊजींनी चिवड्याची बशी बाजूला ठेवून दिली होती.

"डॉक्टरले इचार," बाई म्हणाली. "थे हो म्हनले तर पाहू. अन् साडी आनली का नाई?"

साडी मी विसरलो होतो.

आठ दिवसांनी सलाईनची तारीख आली. आदल्या दुपारी बाई-भाऊजी घरी आले. बाई उतरल्यासारखी दिसत होती, पण दिवाळीची दगदग असेल म्हणून मी सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत ती चार वेळा संडासला गेली. हे मी मोजलं. लक्षात घ्या, मोजलं, आणि माझा ऊर भरून आला. मला वाटलं, माझा कोंडा कामाला लागला.

"पोट कसं साफ होऊन राहिलं, बाई!" मी म्हणालो.

"हो ना," बाई म्हणाली, आणि भिंतीला हात लावून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं. डॉक्टर वयाने आमच्या भाच्याएवढे, शांत. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काकू, खोकला? पुरळ? पोट ठीक?" बाईने नेहमीप्रमाणे पदर सारखा केला आणि नेहमीचं उत्तर दिलं, "बरं हाये." बापाच्या घरी जिने आयुष्यात पोटाबद्दल एक शब्द काढला नाही, ती पोराच्या वयाच्या डॉक्टरला काय सांगणार?

डॉक्टर सलाईन लिहायला लागणार, तेवढ्यात मी फाईल पुढे सरकवली. त्यात माझ्या पंचेचाळीस दिवसांच्या आहाराचा आणि त्याच्या परिणामाचा तक्ता होता, रंगीत शाईत.

"हे काय?"

"दाता," मी म्हणालो. "मी."

डॉक्टरांनी तक्ता पाहिला, मला पाहिलं, पेन खाली ठेवलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "सर, आपल्याकडे मी हे करू शकत नाही. आणि करता आलं असतं तरी... गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंत?"

"गणपतीत सर्दी झाली होती. मेडिकलवाल्याने पाच दिवसांचं दिलं."

"सर्दीला?"

मी मान डोलावली. जीवशास्त्राचा शिक्षक.

"अ‍ॅसिडिटीची गोळी?"

"रोज. कचोरीमुळे लागली होती. कचोरी सुटली, गोळी राहिली."

"साखर?"

"थोडीशी."

"शौचाला किती वेळा? घट्ट, पातळ?"

इथे मला स्फुरण चढलं. इतका वेळ नापास होत असताना अखेर एक प्रश्न येणारा निघाला. मी वेळा सांगितल्या, रंग सांगितला, महिन्याभरात झालेली प्रगती सांगितली. भाऊजी भिंतीवरच्या कॅलेंडरमधले सण वाचू लागले. मी हातांनी आकार दाखवायला सुरुवात केली, तेव्हा बाईने टेबलावर थाप मारली.

"याचं काय लिवून राहिले, डॉक्टरसाहेब! हा गवऱ्या थापून राहिला अथी बसून! लाज नाई, शरम नाई. याले नाई तर मले तरी कायले पायजे? माहं लिवा. साहा-सात डाव जातो मी दिवसाचं. पान्यासारखं. दिवाळीच्या आदल्या दिसापासून."



"काकू," डॉक्टर पुढे झुकले, "मी आत्ता विचारलं तेव्हा बोलला नाहीत."

बाईने माझ्याकडे बोट केलं. "हा भाकरी अन् अंबाडी खाऊ घालून राहिला ना रोज. म्हटलं, त्याच्यानंच होत असन. सांगतलं तर तुमी सलाईन बंद करान. मले थे ठिपके जाऊ द्याचे हायेत. अन् याले वाईट वाटलं असतं. लय हौसेनं करून राहिला होता."

माझे हात अजून आकार दाखवण्याच्या बेतात हवेत होते. ते मी खाली घेतले.

डॉक्टरांनी समजावलं. जागे केलेले पहारेकरी कधी कधी चेकाळतात आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडतात. त्यावर आजचं सलाईन चढलं असतं तर आतड्याला भोक पडण्यापर्यंत जाऊ शकलं असतं. आज सलाईन नाही. आधी तपासणी, दुसरा काही संसर्ग नाही ना ते पाहायला. मग पहारेकऱ्यांना शांत करणाऱ्या गोळ्या. खायला मऊ भात आणि मुगाचं वरण. "आणि सर," ते मला म्हणाले, "कोंडा चांगलाच. पण सूज आलेल्या आतड्याला नाही. ती यादी काढा."

"मंग माहे ठिपके?" बाईने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"थांबलो म्हणजे सोडलं नाही, काकू. आतडं शांत झालं की पुन्हा बघू."

बाई दोन आठवडे माझ्याकडेच राहिली. भाऊजी अकोल्याला जाऊन फ्रिजवरची यादी खरवडून आले. मी ती इतकी पक्की चिकटवली होती की बरोबर फ्रिजचा रंगही निघाला. मी भात शिजवायला शिकलो. पहिले दोन दिवस बाई पांघरुणातून बाहेर आली नाही, आणि मी उंबऱ्यात बसून तिला काय वाटेल ते बोलायला लावत होतो, कारण ती गप्प बसली की मला तो भिंतीला लावलेला हात आठवायचा.

मग जुलाब उतरायला लागले. एकदा तोंड उघडल्यावर बाईची भीड अशी चेपली की रोज संध्याकाळी ती हॉलमध्ये येऊन दिवसभराचा आकडा बोटांनी दाखवायची. पाच. चार. चार. तीन. ज्या दिवशी तिने एकच बोट वर केलं, त्या दिवशी बायकोने शिरा केला आणि भाऊजींनी शेजाऱ्यांना वाटला. शेजाऱ्यांनी कारण विचारलं. भाऊजींनी सांगितलं. शेजाऱ्यांनी वाट्या परत पाठवल्या, पण रिकाम्या.

गोळ्या हळूहळू कमी होत बंद झाल्या, आणि संक्रांतीनंतर सलाईन पुन्हा सुरू झालं. पुढच्या तपासणीत दोन ठिपके दिसेनात, तिसरा तुरीच्या दाण्याएवढा उरला होता. डॉक्टर म्हणाले, छान, पण चालू ठेवायचं. बाई त्यांना म्हणाली, "काल एक डाव गेलतो, घट्ट." विचारायच्या आधीच.

त्याच आठवड्यात भाऊजींच्या बार्शीटाकळीच्या शेतात हुरडा निघाला. ज्वारीची हिरवी कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून, हातावर चोळून, गरम दाणे. डॉक्टरांनी बाईला मूठभर खायची परवानगी दिली होती, चावून चावून. दुपारचं ऊन गोड लागत होतं. बाई गोधडीवर बसून एकेक दाणा तोंडात टाकत होती आणि भाऊजी तिची मूठ मोजल्यासारखी पाहत होते.

मला राहवेना.

"बाई," मी म्हणालो, "मी थे गोळी सोडली बरं का. साखरही कमी झाली. अँटिबायोटिकले चार-पाच महिने होऊन गेले. पुढेमागे आपल्याकडे हे दात्याचं सुरू झालं, तर मी आता एकदम..."

भाऊजींनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

बाईने तोंडातला दाणा नीट चावला, गिळला, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "बाप्पा, पुढच्या भाऊबीजेले साडी आन, हिरवी. थे तुहं तुह्यापाशीच राहू दे. त्याच्याबिगर तुह्या आंगात दुसरं हाये काय?"