मागच्या बाकावरची भाकरी

मंडळी, शिक्षक-खोलीच्या फळ्यावर मुद्दाम लिहितेय. मुलांची प्रगती कशाने होते, यावर आपण चहा पिताना नुसता वाद घालतो. आज मी करून बघितलं.

चौथीतल्या पहिल्या नंबरच्या कुसुमला शेवटच्या बाकावर, शेवटच्या नंबरच्या शेवंतीशेजारी बसवलं. म्हटलं, "हिला अपूर्णांकांची बेरीज शिकव."

"आधी छेद समान करायचा," कुसुम म्हणाली.

"कशाला गं?" मी विचारलं.

कुसुमनं तोच नियम पुन्हा म्हणून दाखवला!

मग शेवंतीच म्हणाली, "अर्धी भाकरी आणि चतकोर मिळून किती? अर्धीचे दोन चतकोर कर, मग मोज. तीन चतकोर!"

स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं झाली, तरी घाटकोपरात आपण पोरांना नंबराप्रमाणे बसवतो. माझ्या वर्गात उद्यापासून बंद. हेडमास्तरांशी मी बोलेन.

तुमच्या मागच्या बाकावर कोण गप्प बसलंय?