पडल्याबिगर लचक कशी भरली?

मी पायाळू, म्हंजे पायाकडून जन्मली म्हणून काय झालं? कुठंही सूज आली की सारे माझा पाय फिरवून घ्याले काहून येता? दवाखाना कायले आहे? बरं, नमस्कार ग्रुपवरच्या गाववाल्यांनो.

आज सकाळी पुतण्या रमेश लंगडत आला. "काकी, अंगठ्यात लचक भरली. पाय फिरवून दे."

"पडला काय?"

"नाही."

"ठेच लागली?"

"नाही. झोपेतून उठलो तं असाच होता."

मले तिथंच शंका आली. अंगठ्याचं बूड लालभडक, सुजलेलं, तव्यावानी गरम. माझा पदर नुसता लागला तं बोंबलला.

"काल काय खाल्लं?"

"वरणभात."

"खोटं! मटण होतं, वरून दारू," त्याची बायको दारातूनच बोलली.

पाय नाही फिरवला, त्याले दवाखान्यात धाडलं. डॉक्टर म्हणाले, गाउट वाटते, म्हंजे मटण-दारूनं भडकणारा संधिवात, रक्तातलं युरिक ॲसिड तपासा, चोळू नका. रमेश म्हणते, दुखणं उतरलं की कायची तपासणी! अरे, उतरते म्हणूनच तं हे दुखणं फसवते. पुन्हा येते आन सांधा खाते.

आता मले तुमचाही भरवसा नाही. ज्यांनी माझ्याकडून अंगठ्यावर पाय फिरवून घेतला, त्यांनी लिहा, खरंच पडले होते का? बायकोनं उत्तर द्याचं नाही. ज्याचा अंगठा, त्यानंच.