सासूबाई, पिकअप आणि काकाजींची भिंत

माझ्या सासूबाई आज सकाळी गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी दिराला माफ केलं नाही.

आणि मला त्याचा अभिमान आहे.

भेटायला येणारे सगळे म्हणून राहिले, फार सोशिक होत्या. खोटं आहे. म्हणून आजच लिहून ठेवते.

आमचं गाव मारेगाव तालुक्यात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जुन्या डिझेल पिकअपमधून गावोगावचा कापूस जिनिंगच्या कारखान्यात न्यायचे. ते वारले आणि गाडी अंगणात कडुलिंबाखाली उभी राहिली, ती राहिलीच. चौदा वर्षं.

सासूबाईंनी विकली नाही. विकू दिली नाही.

मामाजींचे धाकटे भाऊ शेजारी राहतात. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. दोन्ही घरांना रोडवर जायचा रस्ता एकच, त्यांच्या ओट्यासमोरून. मामाजी गेल्यावर दोनच वर्षांनी काकाजींनी त्या रस्त्यावर आडवी भिंत घातली.

सासूबाई विचारायला गेल्या, तर म्हणाले, "गाडी तं भंगार झाली वयनी. मंग रस्ता कायले पायजे तुमाले?"

आम्हाला उरली मागची बोळ. समोरून माणूस आला तर एकानं मागं सरकायचं, इतकी अरुंद.

मी लग्न होऊन आले तेव्हा भिंत जुनी झाली होती. मलाही वाटायचं, जाऊ द्या ना.

मग माझी डिलिव्हरी.

भर पावसात कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स भिंतीपलीकडे येऊन उभी. मला खाटेवर टाकून बोळीतून, चिखलातून, अख्ख्या आळीला वळसा घालून नेलं. उचलणाऱ्यांपैकी एकाचा पाय घसरला आणि मी खाटेसकट खाली आले.

काकाजी ओट्यावर बसून चहा पीत होते. उठलेही नाहीत.

मुलगी वाचली. मीही वाचले. घरी आल्यावर सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मले ते गाडी चालू कराची हाय."

"आई, त्यापेक्षा नवीन घेऊ ना."

"नवीन नाई. ज्याले थो भंगार म्हणते न, तेच."

पांढरकवड्याहून मामाजींचे जुने मिस्त्री आले, रहीमचाचा. बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. चाचांनी इंजन फिरवून पाहिलं.

"बाई, इंजन जाम है."

"खुलते का नाई, ते सांगा."

"खुलेगा. पन सबर पायजे."

"सबर लय हाय माह्यापाशी."

चाचांनी वरून ऑइल सोडून ठेवलं. मग रोज सकाळी सासूबाई इंजन फिरवायचं पुढचं लोखंडी हँडल लावायच्या आणि त्यावर सगळा भार टाकायच्या. साठीची बाई. हँडल तसूभर हलायचं नाही. काकाजी बघून हसायचे. "वयनी, अगरबत्ती बी लावा गाडीले!"

त्या वरून आणखी ऑइल टाकायच्या, दुसऱ्या दिवशी परत.

अठराव्या दिवशी हँडल बोटभर फिरलं.

"सरकलं वं माय!" एवढ्या मोठ्यानं त्या आयुष्यात पहिल्यांदाच ओरडल्या असतील.

मग टाकीचा गंज काढला. पाइप, बॅटरी, टायर, ब्रेक. दीड महिना गेला. तोवर त्यांनी रस्ता मोकळा करून मागायला तहसीलमध्ये अर्ज पण टाकला. काकाजींनी लेखी दिलं की गाडी कायमची बंद आहे, रस्ता कोणाच्याच वापरात नाही.

तहसीलदार साहेब मोक्यावर पाहणीला आले. काकाजी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. अर्धं गाव जमलं होतं.

सासूबाई पदर खोचून स्टेअरिंगवर बसल्या. मामाजींनी त्यांना शेतात गाडी शिकवली होती, हे मलाही तेव्हाच कळलं.

पहिला स्टार्टर, काही नाही. दुसरा, नुसती घरघर. काकाजी साहेबांकडे बघून हसले. चाचांनी डिझेलच्या लाइनमधली हवा काढली.

तिसऱ्याला गाडी अशी कडाडली की लिंबावरचे कावळे उडाले. काळ्या धुराचा लोट सरळ काकाजींच्या शर्टावर.

मी धूर बघत नव्हते. मी त्यांचा चेहरा बघत होते.

सासूबाईंनी खिडकीतून मान काढली. "भाऊजी, भंगार काय म्हणते, आयकू आलं का?"

आदेश आला, पंधरा दिवसांत भिंत काढा. काकाजींनी काढली नाही. सोळाव्या दिवशी तलाठी आले आणि मजूर बोलावू लागले.

"मजूर कायले? गाडी हाय न."

साखळी बांधली. फर्स्ट गिअर. भिंत एका दमात आडवी.

तिथं थांबतील तर त्या सासूबाई कसल्या. विटा त्यांनी उचलू दिल्या नाहीत. रस्त्यावरच पसरल्या आणि वरून गाडी फिरवून त्यांचा चुरा केला. मग रोज सकाळी, काकाजींच्या चहाच्या वेळी, गाडी बरोबर त्यांच्या ओट्यासमोर उभी करायच्या. चालू ठेवून. दहा मिनिटं.

"इंजन गरम कराव लागते, भाऊजी."

महिनाभरात काकाजींनी खुर्ची घराच्या मागच्या बाजूला नेली.

हे म्हणायचे, आई, झालं ना आता. त्या म्हणायच्या, "माह्या सुनेले चिखलात पाडलं त्यानं. झालं कसं?"

मागच्या आठवड्यात सासूबाई दवाखान्यात असताना काकाजींचा निरोप आला, भेटायला येऊ का? ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी एवढंच सांगितलं, "नोको."

आज ते हार घेऊन दारात आले. म्हणाले, "वयनी गेली. आता संपलं न सारं, सूनबाई?"

"त्यायचं संपलं काकाजी. माह्यं नाई."

मी हार घेतला नाही. ते तो घेऊन परत गेले, आमच्याच रस्त्यानं.

आई, तुम्हाला शेवटचा दंडवत.

तुम्ही निवांत जा. इथं मी हाव.