कृष्णाजीअण्णांची ऐच्छिक फळी

निवृत्तीनंतरचा पहिला महिना कृष्णाजीअण्णांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालण्यात काढला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी होडी बांधायला घेतली.

अण्णा माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, आमच्याहून वीस वर्षांनी मोठे. बसवनगुडीत आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्याकडची ठोकाठोक आमच्या मांडणीवरच्या कपबशांनाही कळायची. तीस वर्षं ते सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. पूल, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, सगळं कागदावर रेखायचं. आपल्या नकाशात कधी खाडाखोड झाली नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत.

एकसष्ट सालची गोष्ट. रद्दीवाल्याकडे त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं. त्यात कयाकचा नकाशा होता. कयाक म्हणजे एकाच माणसानं आत पाय पसरून बसायची निमुळती होडी. अण्णांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, मंगळूरला एका मुंजीला गेले तेव्हा, आणि तेव्हाही त्यांचं सगळं लक्ष बंदराच्या धक्क्याच्या मापांकडे होतं. पण नकाशा इतका सुबक होता की त्यांना राहवेना.

लाकूड कुठून आणलं, हे आम्हाला अंबूअक्का माळ्यावर चढल्या तेव्हा कळलं. अंबूअक्का म्हणजे अण्णांची बायको. नवरात्रात त्यांच्याकडे सात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. पायऱ्यांच्या फळ्या सागवानी, अक्कांच्या माहेरून आलेल्या.

"माझ्या पायऱ्या कुठायत?" अक्कांनी वरूनच विचारलं.

"आहेत ना," अण्णा खालून म्हणाले. "स्वल्प वाकवल्यात."

न्हाणीघरातल्या हंड्याच्या वाफेवर धरून त्यांनी सातही पायऱ्या वाकवल्या होत्या. अक्का माळ्यावरून उतरल्या, होडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "दसऱ्याच्या दिवशी ही तळ्याच्या या काठावरून पलीकडच्या पिंपळापर्यंत सरळ गेली, तर ठेवा. नाही गेली, तर मोडायची आणि माझ्या पायऱ्या मला द्यायच्या."

"वाकड्या पायऱ्यांवर बाहुल्या कशा बसतील?"

"बसतील. मी बसले नाही का पस्तीस वर्षं?"

पहिली चाचणी श्रावणात झाली. दृष्ट लागू नये म्हणून अक्कांनी होडीवर पांढरं धोतर अंथरलं. अण्णा आणि त्यांचे मेहुणे सुब्बाराव ती खांद्यावरून केंपांबुधीच्या तळ्याकडे घेऊन निघाले. मी मागून टॉवेल घेऊन. रस्त्यात दोन सायकलवाले उतरून बाजूला उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं हात जोडून हळूच विचारलं, "कोण गेलं?" सुब्बाराव म्हणाले, "अजून कोणी नाही."

तळ्यात होडी तरंगली छान. पण अण्णांनी सहा वल्ही मारली आणि ती डावीकडे वळली. ते उजवीकडे जोर लावत राहिले, ती डावीकडेच जात राहिली, आणि शेवटी धुण्याच्या दगडांना जाऊन टेकली. तिथं बसवंत धोबी आमच्याच चादरी आपटत होता. त्यानं होडी धरली, अण्णांना उतरवून घेतलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बसवंत म्हणाला, "सामी, इकडं येतच असता तर पुढच्या खेपेला मळके कपडेही घेऊन या. माझा हेलपाटा वाचेल."

आता नकाशात होडीच्या शेपटाखाली तुटक रेषेनं एक फळी काढली होती. माशाच्या परासारखी उभी, वीतभर. तिला स्केग म्हणतात. ती असली की होडीचं शेपूट इकडेतिकडे घसरत नाही, नाक सरळ राहतं. आणि त्या रेषेशेजारी बारीक अक्षरात छापलं होतं: 'ऐच्छिक'.

या एका शब्दानं अण्णांची झोप उडाली. तीस वर्षांत त्यांच्या कचेरीतून ऐच्छिक खांबाचा पूल कधी बाहेर पडला नव्हता. वस्तू लागते किंवा लागत नाही. मनात आलं तर लावा, हे काय?

"लावा की, भाऊजी," सुब्बाराव म्हणाले. ते हायस्कुलात विज्ञान शिकवत. "पतंगाला शेपूट नसलं तर तो गिरक्याच घेणार."

"होडीच्या तळाला मी एकही भोक पाडलेलं नाही. फळी लावायची तर चार स्क्रू. चार भोकं."

"आणि आहे तशी ठेवली तर?"

"तर ती सरळच आहे. मी मापून पाहिलंय. पाणी तिरकं आहे."

तरी त्यांनी फळी कापली, तासली, पॉलिश केली. फक्त लावायची की नाही, ते ठरत नव्हतं. दोन महिने ती त्यांच्यासोबत घरभर फिरली. कधी खिडकीला टेकू, कधी उकाड्यात पंखा. एकदा मी त्यांना देवघरासमोर फळी हातात धरून उभं पाहिलं. कौल लावत होते की वारा घेत होते, मी विचारलं नाही.

नवरात्र आलं. अक्कांनी ट्रंका आणि तांदळाचे डबे एकावर एक रचले, त्यावर साडी पसरली आणि बाहुल्या मांडल्या. वरची ट्रंक डुगडुगत होती. कुणी जोरात शिंकलं की वरचे राजाराणी एकमेकांकडे झुकायचे. बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला अक्का सांगायच्या, "पायऱ्या परसात आहेत, पोहायला शिकतायत." अण्णा परसातून ऐकायचे.

नवमीच्या दुपारी ते आमच्या दारात आले, चेहरा एकदम मोकळा. "ठरलं," म्हणाले. "लावतो. उद्या सकाळी आठला चाचणी, आत्ता चार स्क्रू की काम झालं."

मी म्हटलं, "अण्णा, आज आयुधपूजा."

ते तसेच घरी धावले. देवघरात गिरमिट, स्क्रूड्रायव्हर, रंधा, करवत सगळं ओळीनं मांडलेलं, गंध आणि कुंकू लावलेलं. आणि मधोमध, लिंबू डोक्यावर घेऊन, ती फळी. अक्कांनी तीही हत्यारच समजून ठेवली होती.

"एकच स्क्रूड्रायव्हर देतेस का?"

"उद्या भीमाचार्य भटजी येऊन पूजा उतरवतील. तोवर हात लावायचा नाही."

"ते कधी येणार?"

"चाळीस घरं आहेत त्यांना. बारा तरी वाजतील."

"मग चाचणी दुपारी."

"तुम्हीच सगळ्या रस्त्याला आठ सांगितलंय. बसवंतनं धुणं बंद ठेवलंय."

वाहनाला करतात तशी होडीचीही पूजा झाली होती. पुढच्या टोकाला झेंडू, आणि दोन्ही टोकांना केळीचा एकेक कोवळा खुंट, पानांसकट. "हे सुकल्याशिवाय सोडायचे नाहीत," अक्कांनी बजावलं. या वेळी आमची मिरवणूक लग्नाच्या वऱ्हाडासारखी दिसत होती, फक्त नवरदेव फार घाबरलेला.

अण्णा बसले. काठावर अक्का हाताची घडी घालून उभ्या, जवळ रिकामी हातगाडी. फळ्या घरी न्यायला, म्हणाल्या. सहा वल्ही झाली. मी डोळे बारीक केले. सातवं झालं, आठवं झालं. बसवंत दगडांवरून हात पुढे करून उभा होता, तो तसाच राहिला. होडी त्याच्या समोरून नाकासमोर गेली आणि पिंपळाच्या पाराला टेकली.

होडी परत येताना मी नीट पाहिलं. मागच्या खुंटाची दोरी सैल होऊन केळ पाण्यात घसरली होती आणि शेपटाखालून पानं पसरून ओढली जात होती. सुब्बारावांनीही पाहिलं. "भाऊजी, तुमचं शेपूट," एवढंच ते म्हणाले.

अण्णांनी उतरून वाकून बघितलं. मग अक्कांकडे वळून म्हणाले, "हे सरळ जाणं धरायचं नाही का?"

"मी सरळ म्हटलं होतं. कशानं, ते म्हटलं नव्हतं," अक्का म्हणाल्या. "सरी, ठीक आहे, घेऊन चला घरी."

त्या हातगाडीवर होडीच घरी आली. त्यानंतर दर रविवारी अण्णा परसातला एक खुंट तोडून मागे बांधत आणि तळ्यावर जात. भोक एकही पडलं नाही. पुढच्या नवरात्रात ती पॉलिश केलेली फळी अक्कांनी डुगडुगणाऱ्या ट्रंकेखाली सरकवली, तिथं ती अगदी मापात बसली.

नकाशा अजून आमच्याकडे आहे. त्यात 'ऐच्छिक'वर अण्णांनी आयुष्यातली पहिली काट मारलीय, पट्टी धरून, आणि शेजारी कचेरीतल्या त्या घोटीव अक्षरात लिहिलंय: केळ, एक.