ओतिलियाच्या स्वयंपाकघराची कडी

बुधवारी सकाळी मार्युरीने पुन्हा बशी ढकलली आणि ओतिलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. राग पोरीचा नव्हता. राग होता तो पोरीसमोर बसलेल्या लोरेदानाचा. इटलीहून आलेली ही उंच, हडकुळी बाई गेले पाच दिवस हातात चमचा धरून नुसती हसत होती. पाच वर्षांच्या उपाशी पोरीसमोर बसून कुणी असं हसतं का?

"एकच घास, बाळा," लोरेदाना म्हणाली. तिचं स्पॅनिश वर्गात बसून शिकलेलं, स्वच्छ धुऊन वाळत घातल्यासारखं.

"नको."

"अर्धा?"

"नको म्हटलं ना!"

लोरेदानाचा नवरा इवो खिडकीबाहेर बघत कॉफी ढवळत होता. त्यात साखर घातलीच नव्हती, हे त्याच्या लक्षात नव्हतं. लोरेदानाने वही उघडली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं: शून्य.

"चमचा मागे घेऊ नका, सेन्योरा," ओतिलियाला राहवेना. "पोरीला कळतं, तुम्ही घाबरलाय ते."

"मी घाबरले नाहीये."

"मग हसू नका."

कोलंबियात, बोगोतामधल्या या घराला सहा खोल्या होत्या आणि त्या चालवणाऱ्या ओतिलियाला सगळी गल्ली दोन्या ओतिलिया म्हणून मान द्यायची. मूल दत्तक घ्यायला परदेशातून आलेली जोडपी इथे उतरायची. मूल हातात मिळायचं, पण न्यायाधीशाची सही होईपर्यंत महिनाभर देश सोडता यायचा नाही. त्यातला पहिला आठवडा सगळ्यात अवघड. आठवड्याने मानसतज्ज्ञ बाई यायच्या, मूल आणि आईबापांना एकमेकांचा लळा लागलाय का ते बघायच्या आणि अहवाल लिहायच्या. अहवाल वाईट आला, तर मूल परत जायचं. एकोणीस वर्षांत ओतिलियाच्या घरातून एकही मूल परत गेलं नव्हतं. हे ती खाटकाला, पाद्र्याला आणि बसथांब्यावर शेजारी उभ्या राहणाऱ्या कुणालाही सांगायची.

ती मूळची सोगामोसोच्या वरच्या डोंगरातली. सोळाव्या वर्षी शहरात आली आणि लोकांच्या चुली सांभाळत राहिली. तिचा नवरा हेलिओदोरो बस चालवायचा. एक दिवस ही शेवटच्या थांब्यापर्यंत आली ती उतरलीच नाही, असं तो सांगायचा. स्वतःचं घर झाल्यावर तिने एकच नियम केला. पाहुण्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पोरांना मात्र तो नियम नव्हता.

दुसरा नियम मानसतज्ज्ञ बाईंचा. सुरुवातीचे दिवस मुलाला भरवायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं ते फक्त नव्या आईबापांनी. हा नियम प्रत्येक जोडप्याला दारातच ऐकवायची ती ओतिलियाच.

आणि शुक्रवारी, मार्युरी आली त्याच दिवशी, तिनेच तो मोडला. लोरेदाना अंघोळीला गेली होती. पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. याआधी दोन वर्षं सरकारने तिला सोगामोसोकडच्याच एका बाईकडे सांभाळायला ठेवलं होतं. ओतिलियाच्या अंगावरचा घोंगडीसारखा लोकरी रुआना, भेगाळलेले हात, डोंगरातलं बोलणं, सगळं तिच्या ओळखीचं होतं.

"भूक लागली, माझ्या राणी?"

पोरीने मान हलवली. चूल पेटलेली असताना पोर उपाशी ठेवायचं? ओतिलियाच्या गावात असल्या घरी कुणी पाणी प्यायला थांबलं नसतं. तिने वाडग्यात दोन पळ्या चांगुआ घातलं: दूध, पाणी, कांदा, त्यात सोडलेलं अंडं, वरून कोथिंबीर आणि शिळा पाव. पोरीने वाडगं चाटूनपुसून साफ केलं. मग शनिवारी. मग रोज तीन वेळा. आणि टेबलावर पोरीने तोंड मिटलं, की ओतिलियाला लोरेदानाचाच संताप यायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"हिला जमत नाहीये," बशा उचलताना ती हेलिओदोरोपाशी कुरकुरली. "चमचा असा धरते, जसं इंजेक्शन द्यायचंय. उद्या त्या बाई येणार. पोर परत जाईल रे, माझ्या घरातून!"

हेलिओदोरो रेडिओ उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही. "मला तरी पोर उपाशी दिसत नाही."

"म्हणजे?"

"गाल बघ तिचे. सहा वाजता चांगुआ, अकराला मक्याची भाकरी, चारला चॉकलेट, वर चीजचा तुकडा. इतके लाड माझे चाळीस वर्षांत झाले नाहीत."

"भुकेली होती ती!"

"होती ना. आता नाही. मग टेबलावर कशाला जेवेल?"

"तू गप रे, बसवाल्या."

"बसतो गप. पण पोर आई शोधत होती आणि तू मध्येच 'मी आहे' म्हणालीस."

ओतिलियाने हातातली बशी आपटली. फुटली नाही, याचाही तिला राग आला. स्वयंपाकघरात जाऊन तिने आतून कडी लावली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

अकराच्या सुमाराला दारावर छोट्या मुठी बसू लागल्या. आधी हळू, मग धडाधड. "उघड! मी आलेय!" ओतिलिया आत तव्यापुढे उभी राहिली. भाकरी करपली. तिने दुसरी टाकली, तीही करपली. बाहेर पोरीने भोकाड पसरलं. लोरेदाना धावत आली, तिने उचलायला हात घातला आणि मार्युरी तिच्या मनगटाला कडकडून चावली.

"सोड! ती देते मला! रोज देते!"

"काय देते?"

"चांगुआ देते! भाकरी देते! तू काहीच देत नाहीस!"

ओतिलियाने कडी काढली. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"शुक्रवारपासून?" लोरेदानाने विचारलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"भुकेली होती, सेन्योरा."

"काल इवोने मला विचारलं, आपण चूक तर केली नाही ना. मी रोज बघते, माझ्या हाताला असं काय लागलंय की पोर तोंड फिरवते. आणि तुम्ही? तुम्ही मला चमचा कसा धरायचा ते शिकवत होतात!"

ओतिलियाने एप्रन सोडला आणि लोरेदानाच्या हातात कोंबला. "घ्या. अंडी टोपलीत आहेत. दूध समोर आहे. मी बाहेर जाते."

"मला तुमचं ते सूप येत नाही."

"तिला येतं. तिला विचारा."

कोपऱ्यावरच्या बागेत ती हेलिओदोरोच्या शेजारी बाकावर बसली, पण बसणं कसलं, निखाऱ्यावर बसल्यासारखी तिची गत.

"दूध उतू घालवेल ती."

"घालवू दे."

"कांदा ओंडक्यासारखा चिरेल."

"चिरू दे. आपल्याला कुठे खायचाय?"

"तुला सगळी मस्करी सुचते. माझी चूल आहे ती!"

"हो. आणि पोर तिची आहे."

ओतिलिया ताडकन उठली आणि घराकडे निघाली.

स्वयंपाकघराची पार दशा झाली होती. दूध शेगडीवरून ओघळून फरशीवर आलेलं, कांद्याच्या फोडी बोटाएवढ्या, अंडं दगडासारखं. मार्युरी स्टुलावर कमरेवर हात ठेवून उभी होती. "आधी पाणी! मग दूध! किती वेळा सांगू?"

"हो, हो, कळलं," लोरेदाना म्हणत होती. केस कपाळाला चिकटलेले, मनगटावर लाल वळ. हसण्याचा मागमूस नव्हता.

ओतिलिया दिसताच पोर स्टुलावरून उतरली आणि तिच्या पायांना बिलगली. ओतिलियाचे हात आपोआप खाली गेले. अर्ध्यावर तिने ते आवरले आणि रुआन्याच्या आत खुपसले. हे तिला इतकं जड गेलं, की तिचा आवाज कर्कश झाला.

"सूप कुणी केलं?"

"तिने. घाण केलंय."

"मग तिला सांग. मला काय सांगतेस?"

पोरीने तिच्या गुडघ्यावर एक गुद्दा मारला आणि पाय आपटत टेबलाकडे गेली. लोरेदानाने वाडगं पुढे ठेवलं. मार्युरीने चार चमचे खाल्ले. प्रत्येक चमच्याला नाक मुरडलं, पण खाल्ले.

गुरुवारी मानसतज्ज्ञ बाई दारात आल्या. त्यांनी कोट काढायच्या आत ओतिलियाने सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दोन्या ओतिलिया, हा नियम तर तुम्हीच सगळ्यांना घोकून दाखवता."

"ठाऊक आहे मला!"

"मग आज अहवाल लिहिता येणार नाही. सोमवारी येते. तोपर्यंत तुम्ही चुलीजवळ जायचं नाही."

ते चार दिवस ओतिलियाने स्वतःच्याच घरात पाहुणीसारखे काढले. भातातलं मीठ चुकलेलं. पळी भलत्याच खुंटीला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, की ती अर्धी उठायची आणि हेलिओदोरो तिच्या रुआन्याचं टोक धरून तिला खाली बसवायचा. आतून पोरीचं ओरडणं यायचं, लोरेदानाचं ओरडणंही यायचं. शनिवारी लोरेदाना रडत बाहेर आली, तोंड धुतलं, परत आत गेली. ओतिलियाला कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी मानसतज्ज्ञ बाई जेवणघरात वही उघडून बसल्या. मार्युरी अंगणात चेंडूमागे धावताना पायरीवर आपटली. गुडघा फुटला. ओतिलिया दाराशीच होती, चार पावलांवर. ती हात पुढे करून वाकली.

पोर तिला ओलांडून पळत गेली. रडत, लंगडत, थेट स्वयंपाकघरात. "लोरे! रक्त! लोरे!"

आई नाही, नुसतं लोरे. आतून पळी टाकल्याचा आवाज आला. मग पोरीचं रडणं कुणाच्या तरी खांद्यात दाबल्यासारखं बारीक झालं.

मानसतज्ज्ञ बाई लिहू लागल्या. ओतिलियाला हेच हवं होतं, याचसाठी तिने पाच दिवस स्वतःला आवरून धरलं होतं. तरीही पुढे केलेले हात आता कुठे ठेवायचे, हे तिला काही केल्या सुचेना.