खांद्यावरचं घर

भाऊ गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी त्याच्यासाठी मुगाच्या डाळीचं पाणी गाळत होते. मी गॅस बंद केला, गाळणी धुऊन जागेवर ठेवली आणि मग खुर्चीवर बसले. भाऊ म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. भिलाईच्या स्टील प्लांटमधून बाबू म्हणून रिटायर झाला आणि शेवटची आठ वर्षं दुर्गला, बोरसीत माझ्याकडे राहिला. 'सुमीकडे' हा शब्द त्याचा. त्यानं एकदा तरी 'घरी' म्हणावं म्हणून मी आठ वर्षं हटून बसले होते, आणि तो काही म्हणायला तयार नव्हता. याचा मला राग होता. आता त्याला जाऊन महिना झाला, तरी थोडा आहेच.

आमचं अमरावती जिल्ह्यातलं घर आम्ही शाळेत असतानाच पडलं, जागा चुलत्यांनी विकून टाकली. तरी विदर्भातून भिलाईत आलेली आपली झाडून सगळी माणसं करतात तेच भाऊनंही केलं. प्रत्येक फॉर्मवर 'कायमचा पत्ता' म्हणून ते गाव लिहीत राहिला. सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये तो वहिनीला घेऊन आला, तिथंच मुलगा वाढला, तिथूनच वहिनी गेली. पण ते क्वार्टर आपलं 'सध्याचा पत्ता'. सदतीस वर्षं सध्याचा!

त्याला शब्दांचा भारी नाद. ड्युटीवरून आला की चहा घेत शब्दकोश उघडायचा. 'खानाबदोश' हा त्याचा लाडका शब्द. मी दुर्गच्या शाळेत हिंदी शिकवायची. 'जिसका कोई घर न हो' असा अर्थ फळ्यावर लिहून पुढच्या धड्याकडे वळायची. भाऊला ते खपायचं नाही. "सुमे, चुकीचं शिकवून राहिली तू पोट्ट्यांले. फारसी शब्द आहे तो. खाना म्हंजे घर. दवाखाना, कारखाना, तोच खाना. दोश म्हंजे खांदा. ज्याचं घर खांद्यावर आहे, तो खानाबदोश. घर नाही असं कुठी लिहिलं आहे?" फिरस्ता म्हटलं की नुसती चाल कळते, भटक्या म्हटलं की वाट चुकल्यासारखं वाटते, आणि बेघर म्हणजे तर काय नाही तेवढीच नोंद, असं त्याचं म्हणणं. या एका शब्दात घर आहे, आणि ते कुठे आहे हेही सांगितलेलं आहे... मी म्हणायची, बरं बाबा, तू म्हणशील तसं.

रिटायर व्हायच्या वर्षी आम्ही दोघं सुपेल्याच्या बाजारात विळीला धार लावायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला गावोगाव फिरणाऱ्या गाडिया लोहारांच्या गाड्या लागल्या होत्या. एक बाई घण मारत होती, म्हातारा भाता ओढत होता. भाऊला राहवलं तर ना! "आप लोगों को खानाबदोश बोलते हैं, मालूम है?" त्यानं विचारलं. बाईनं घाम पुसला. "हमको तो लोहार बोलते हैं, बाबूजी. आपका घर किधर है?"

"सेक्टर दो में. क्वार्टर है."

"क्वार्टर तो कंपनी का हुआ. घर?"

भाऊ हसला आणि विळीची धार बोटानं पाहू लागला.

क्वार्टर सोडताना त्यानं भिंतींतले खिळे काढून भोकं स्वतः बुजवली. मुलगा बंगलोरला बोलावत होता, तिकडे गेला नाही. एक ट्रंक घेऊन माझ्याकडे आला. मी कपाटाचे दोन खण रिकामे करून दिले; ते रिकामेच राहिले. वाळलेले कपडे घडी करून पुन्हा ट्रंकेत. पंखा लावायचा तरी "लावू काय?" भाजीवाल्यानं विचारलं तर "बहन के यहाँ रहता हूँ." अरे, बहिणीनं काय घोडं मारलं होतं तुझं?

एकदा मी भडकलेच. "इतके वर्षं झाले, भाऊ. अजून पाहुण्यासारखा काऊन राहतो?"

"पाहुण्याले मान असते. घरच्याले चहा तरी कोण विचारते?"

त्या दिवशी मी त्याला खरोखरच चहा दिला नाही. संध्याकाळी मलाच चैन पडेना, तेव्हा कप घेऊन गेले. चहा संपवून तो हळूच म्हणाला, "एक क्वार्टर सोडतानी जीव अर्धा झाला माह्या. आता दुसरं घर धरायची ताकद नाही, सुमे." मी कप उचलला. पण मनात म्हटलंच, तुझी ताकद नाही ठीक आहे, माझं काय? मी एकटी बाई, मला हे घर दोघांचं हवं होतं.

दवाखान्यात तो चार दिवस होता. तिसऱ्या दिवशी तोंडाला जरा चव आली, म्हणाला, "डॉक्टरले विचार ना, घरी कधी सोडते." कोणतं घर, हे विचारायची हिंमत झाली नाही. उगाच अमरावती म्हणायचा. ते नेमकं सलाईन बदलणाऱ्या नर्सनं विचारलं, सहज, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून. "घर कहाँ है आपका, दादाजी?"

भाऊनं माझ्याकडे बोट केलं. "ये क्या, सामने तो बैठी है."

नर्सला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नाही. तिनं मोठ्यानं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

मागच्या आठवड्यात मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरायला गेले. सगळे रकाने नीट भरले, शिक्षिका होते ना. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिला आणि परत सरकवला. "मैडम, स्थायी पता में आपने अपना नाम लिख दिया है. यहाँ पता लिखना है."

"उन्होंने यही बताया था, भैया," मी म्हटलं.

त्याचं लक्ष मागच्या रांगेकडे होतं. मी माझं नाव खोडलं आणि बोरसीचा घर नंबर लिहिला.